सकाळच्या शिफ्टसाठी माउथवॉश: कुठला लॉकरमध्ये, कुठला घरी

लिस्टरिन कूल मिंटला मी दहापैकी नऊ मार्क देते. तरीही ती निळी बाटली माझ्या कामाच्या पिशवीत कधी जात नाही. लॉकरमध्ये असतो कोलगेट प्लॅक्स, ज्याला मी सहाच देते. सहावाला कामावर आणि नऊवाला घरी, हा उलटा न्याय ज्यांना नोकरीत दारूच्या तपासणीसाठी कधीही मशीनमध्ये फुंकर मारायला बोलावतात त्यांना लगेच कळेल: लिस्टरिनमध्ये अल्कोहोल असतं, प्लॅक्समध्ये नसतं. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहिते.

मी मुंबई विमानतळावर, सहारच्या टी-टू टर्मिनलवर एरोब्रिज चालवते. विमान बेवर, म्हणजे त्याच्या उभं राहायच्या जागी येऊन थांबलं, चाकांना चॉक, म्हणजे अडवायचे ठोकळे लागले, की तो लांबणारा बोळ सावकाश पुढे नेऊन विमानाच्या दाराला टेकवायचा. जॉयस्टिकवर हात, नजर दाराच्या कडेवर. वीतभर चुकलं तरी विमानाला ओरखडा आणि ते विमान उभंच. त्यामुळे आमची दारूची तपासणी होते याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ती व्हायलाच हवी. देशातल्या विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या डीजीसीएने २०१९ मध्ये विमानतळावर जमिनीवर काम करणाऱ्यांनाही ब्रेथ अ‍ॅनालायझरची चाचणी लागू केली. आम्ही तिला नुसतं ‘बीए’ म्हणतो. गाड्या चालवणारे, विमानाला हातांनी खुणा करणारे मार्शलर, एरोब्रिजवाले, विमानांची देखभाल करणारे, टॉवरमधले कंट्रोलर, सगळे त्यात आले. रोज किमान १० टक्के लोकांची नावं निघतात. कुणाचं नाव निघेल हे आधी कळत नाही, त्यातच तर त्या चाचणीचा अर्थ आहे.

मर्यादा एकच, शून्य. तुम्ही स्वतःची गाडी किंवा टॅक्सी चालवत असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ तुम्हाला १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमपर्यंत सोडून देतं. वैमानिक आणि केबिन क्रू यांना उड्डाणाआधीचे १२ तास थेंबभरही चालत नाही आणि मशीनवर ०.००० दिसावं लागतं. पहिल्यांदा सापडले तर लायसन्स तीन महिने गोठतं, दुसऱ्यांदा तीन वर्षं. माझे दीर लोकलचे मोटरमन. त्यांनाही ड्युटीवर चढताना लॉबीत सही करायच्या आधी फुंकर मारावी लागते. म्हणजे एका घरात आम्ही दोघं शून्यवाले. आमच्याकडे लग्नकार्याच्या रात्री कोण कुठल्या टेबलावर बसणार हे पाहुण्यांनाही पाठ झालंय.

आता एवढं असताना माउथवॉशची हौस कशाला, असं सासूबाईही विचारतात. त्याचं कारण पहाटेची शिफ्ट. अडीच-तीनला उठायचं, घोटभर चहा घ्यायचा आणि निघायचं. उपाशी पोटी, सुकलेल्या तोंडाला जो वास येतो तो ब्रश केला तरी तासाभरात परत हजर. त्यात आदल्या रात्री घरी सुकट केलेली असेल, वर लसणाची फोडणी, तर विचारूच नका. एरोब्रिज लागला, विमानाचं दार उघडलं, की आतली क्रू मुलगी आणि मी हातभर अंतरावर समोरासमोर. ती बिचारी आठ तास उडून आलेली. तिला पहिला वास मुंबईचा यावा, माझ्या सुकटीचा नको.

तर लिस्टरिन. पहिल्यांदा तोंडात घेतलं तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या आत बेसिनकडे धावले होते. जिभेला चटका, नाकात झणझण, डोळ्यांत पाणी. पण थुंकल्यावर जे काही तोंड हलकं वाटतं ना, त्याला तोड नाही. माझ्या आईच्या मते डोळ्यांत पाणी आल्याशिवाय औषध लागू पडत नाही, आणि मी तिचीच मुलगी.

मागचं लेबल वाचायला गेलात तर चार नावं दिसतील: थायमॉल, मेन्थॉल, युकॅलिप्टॉल, मिथाइल सॅलिसिलेट. वाटतात साहेबी, पण चौघंही आपल्या घरातले. थायमॉल म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं ओव्याचं फूल. मेन्थॉल म्हणजे पुदिन्याचं फूल. युकॅलिप्टॉल निलगिरीच्या तेलात असतं. आणि मिथाइल सॅलिसिलेटचा वास नाकाशी नेलात तर गुडघ्याला चोळायचं मलम आठवेल. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि भीमसेनी कापूर एका बाटलीत ठेवले की तिन्ही आपोआप पातळ होतात. ती अमृतधारा आमच्या आजीच्या फडताळात कायम असायची, पोट दुखलं की बत्ताशावर दोन थेंब. लिस्टरिन १८७९ मध्ये अमेरिकेत निघालं ते शस्त्रक्रियेत जंतू मारायला. तोंडात गेलं नंतर. आजीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, माझं औषध त्यांनी निळं करून विकलं.

या तेलांची गोची अशी की ती पाण्यात विरघळत नाहीत, वर तरंगत राहतात. त्यांना विरघळवायला अल्कोहोल लागतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मूळ पिवळ्या लिस्टरिनमध्ये २६.९ टक्के आणि कूल मिंटमध्ये २१.६ टक्के अल्कोहोल असतं. बिअर साधारण पाच ते आठ टक्क्यांची, वाइन बारा-चौदाची, हे लक्षात घ्या म्हणजे अंदाज येईल. पुष्कळांना वाटतं जंतू मारतं ते अल्कोहोल. एवढ्या प्रमाणात ते कमीच पडतं. हातांच्या सॅनिटायझरमध्ये साठ-सत्तर टक्के असतं ते उगाच नाही. इथे मारामारी तेलं करतात, अल्कोहोल त्यांना नुसतं उचलून नेतं.

सासरे कोर्टात शिरस्तेदार होते. बाटली हातात फिरवत ते म्हणाले, हिच्यावर एकेकाळी मुंबईत बंदी आली असती. १९४९ च्या दारूबंदी कायद्याविरुद्ध बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले आणि १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं जवळ ठेवण्यावरची बंदी रद्द ठरवली. नाहीतर कोलन वॉटरची बाटलीही चोरून आणावी लागली असती. दारू पिण्याचा परवाना महाराष्ट्रात कागदोपत्री आजही लागतो, चूळ भरायला लागत नाही. पण बीएच्या मशीनने बलसारा खटला वाचलेला नाही.

मशीन काय करतं ते समजून घेतलं की अर्धी भीती जाते आणि उरलेली अर्धी योग्य जागी बसते. चांगलं मशीन फ्युएल सेलवर चालतं. आत प्लॅटिनमचा थर असतो. फुंकरीतली अल्कोहोलची वाफ त्यावर आली की तिचं ऑक्सिडेशन होतं, किंचित वीज तयार होते, जितकी वाफ तितकी वीज आणि तितका आकडा. ती वाफ फुप्फुसातून आली की दाढेच्या फटीतून, हे त्या थराला कळायला मार्ग नाही. मशीन धरून चालतं की हवा फुप्फुसाच्या तळातून आली आहे. म्हणूनच ‘अजून, अजून, अजून’ करत लांब फुंकर मारायला लावतात. मग हिशोब असा: २१०० मिलिलिटर श्वासात जेवढं अल्कोहोल, तेवढं १ मिलिलिटर रक्तात. प्यायलेल्या माणसाला हा हिशोब बरोबर लागू पडतो. नुकतीच चूळ भरलेल्याच्या बाबतीत मात्र हिरड्यांना आणि गालांना चिकटून राहिलेल्या चार थेंबांचाही तोच गुणाकार होतो, आणि जन्मात दारूला न शिवलेला माणूस कागदावर तर्र दिसतो.

हे टिकतं किती? फार नाही. पहिली दोन-तीन मिनिटं आकडा भरमसाट, मग भराभर उतरतो, दहा-पंधरा मिनिटांत जवळजवळ काही राहत नाही. काही उडून जातं, काही लाळेबरोबर पोटात जातं आणि ते इतकं थोडं असतं की रक्तात दिसत नाही. पोटातली दारू अशी पाव तासात उतरत नाही. या फरकावरच फेरतपासणी उभी आहे. डीजीसीएच्या नियमात पहिली फुंकर पॉझिटिव्ह आली तर १५ ते २० मिनिटांनी दुसरी घेतात, मधल्या वेळात तोंड धुवायची, चूळ भरायची मुभा असते आणि दुसऱ्या फुंकरीआधी मशीन नीट चालतंय ना हेही तपासतात.

मग झालं की, पंधरा मिनिटं थांबायचं, सुटलो! असं आमच्याकडच्या नव्या मुलांना वाटतं. मला नाही वाटत. एक तर ती वीस मिनिटं तुम्ही कुठे बसता? चाचणीच्या खोलीबाहेरच्या खुर्चीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर. तोवर तुमच्या बेवर दुसरं कुणीतरी धावत जातं, ड्युटी मॅनेजरचा फोन होतो, आणि दुसरा आकडा शून्य आला तरी कँटीनमध्ये ‘अगं, हिला बसवलं होतं म्हणे’ हे महिनाभर पुरतं. बाईमाणूस असलात तर दोन महिने. दुसरं म्हणजे डीजीसीएने २०२३ च्या सुधारणेत क्रूसाठी स्पष्ट लिहूनच ठेवलंय की अल्कोहोल असलेला माउथवॉश, टूथ जेल किंवा तसलं काही वापरायचं नाही, कारण त्याने चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे ‘साहेब, चूळ भरली होती’ ही सबब तुमच्या तोंडून निघायच्या आधीच वरच्यांनी ऐकलेली आहे. तो कलमाचा तुकडा उडणाऱ्यांसाठी असला तरी जमिनीवर राहणाऱ्यांनी त्यातून जे घ्यायचं ते घ्यावं.

एवढं वाचून घरी प्रयोग करायचा किडा मला चावलाच. ऑनलाइन एक स्वस्तातलं ब्रेथ अ‍ॅनालायझर मागवलं, चावीच्या जुडग्याला अडकवायचं. कंपनीचं नाव सांगत नाही, दहापैकी तीन मार्क. लिस्टरिनची चूळ भरून लगेच फुंकर मारली तर लाल दिवा, बीप बीप, आणि पडद्यावर असा आकडा की पोलिसांनी तिथेच गाडी जप्त केली असती. पाण्याने खळखळून चूळ भरल्यावर उतरला, पण शून्य नाही. चहा टाकला, डबे भरले, परत फुंकर मारली, शून्य. इथपर्यंत शास्त्राप्रमाणे. पण मग नवऱ्याने नुसती सिगारेट ओढून फुंकर मारली आणि त्यालाही पिवळा दिवा दाखवला! तो म्हणतो, एवढी स्वस्तात चढत असेल तर बरंच आहे. या खेळण्यांमध्ये सेमीकंडक्टरचा सेन्सर असतो, तो धूर आणि इतर वाफांनाही फसतो. तमाशा बघायला ठीक आहे. त्यावर शून्य आलं म्हणून विश्वासाने कामावर जाऊ नका, आणि पॉझिटिव्ह आलं म्हणून रडत बसू नका.

कोलगेट प्लॅक्सकडे वळू. हा अल्कोहोल नसलेला, आणि तसं बाटलीवर पुढेच छापलेलं असतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. जंतूंसाठी यात सीटिलपिरिडिनियम क्लोराइड असतं, जोडीला दातांसाठी फ्लोराइड. चव गोडूस. लहानपणी एसटी स्टँडवर मिळणाऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या विरघळवून प्यायल्यासारखी. चटका अजिबात नाही, आणि माझ्या मनाला तेच पटत नाही. काही झालंय असंच वाटत नाही. पण निरीक्षण सांगते: पहाटे साडेतीनला वापरला तर सहा-साडेसहापर्यंत तोंड ठीक राहतं. लिस्टरिन त्याहून थोडं जास्त टिकतं, दुप्पट वगैरे नाही. टर्मिनलच्या कोरड्या एसीत अल्कोहोलवाल्याने माझं तोंड उलट लवकर सुकायचं, आणि सुकलेल्या तोंडाला वास जास्त. तो त्रास प्लॅक्सने नाही. किंमत दोघांचीही पाव लिटरला दीडशेच्या आतबाहेर, ऑफर असेल तसं. सहा मार्क मी चवीसाठी दिलेत. कामासाठी द्यायचे तर आठ.

लिस्टरिनचेही अल्कोहोल नसलेले प्रकार आहेत, ते मला चवीला मूळच्या जवळचे वाटले. पण दुकानाच्या फळीवर दोन्ही शेजारी शेजारी उभे असतात, बाटलीचा आकार तोच, रंगही जवळपासचे, पहाटेच्या झोपेत हात कुठल्या बाटलीवर पडेल याची खात्री नाही. म्हणून लॉकरसाठी मी कंपनीच वेगळी ठेवली.

अक्कलदाढ काढली तेव्हा डेंटिस्टने क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला, ०.२ टक्क्यांचा. तो वासासाठी वापरायचा नसतोच, जखम भरेपर्यंत आठ-पंधरा दिवस. औषध म्हणून उत्तम, रोजच्याला वाईट. चहाबाज माणसाच्या दातांवर तपकिरी डाग धरतो, जिभेची चव बिघडवतो (माझी सोलकढी आठवडाभर नुसती खारट लागत होती), आणि टूथपेस्टनंतर लगेच वापरला तर पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यामुळे त्याचा जोर कमी होतो, म्हणून मध्ये अर्धा तास सोडायचा. पण इथे सांगायचा मुद्दा असा की क्लोरहेक्सिडिनच्या काही ब्रँडमध्ये अल्कोहोल असतं आणि काहींमध्ये नसतं. डेंटिस्ट चिठ्ठी लिहिताना हे विचारत नाही, आपणच सांगायचं: ‘डॉक्टर, माझी बीए टेस्ट असते, बिनअल्कोहोलचा द्या.’ माझ्या डॉक्टरबाई आधी हसल्या, मग ब्रँड बदलून दिला. चकाल्याच्या नाक्यावरचा केमिस्टही आता मला ओळखतो. मी काही मागितलं की आधी बाटली उलटी करून चष्मा वर सरकवतो. असा केमिस्ट मिळाला तर सोडू नका, दोन रुपये जास्त घेतले तरी.

लेबलवर शोधायचे शब्द: अल्कोहोल, इथेनॉल, इथाइल अल्कोहोल, अल्कोहोल डीनॅट. यातलं काही दिसलं की ती बाटली घरची. सॉर्बिटॉल, झायलिटॉल, ग्लिसरीन दिसलं तर दचकू नका. रसायनशास्त्रात ती अल्कोहोलचीच भावंडं, पण ती गोडवा आणि ओलावा देतात, श्वासातून वाफ होऊन मशीनपर्यंत जात नाहीत. पुढच्या बाजूला ‘झिरो’ असं मोठ्या अक्षरात असेल तर ते कशाचं झिरो ते वाचा; साखरेचंही असू शकतं. तोंडात मारायच्या छोट्या स्प्रेच्या बाटल्या तर मी पूर्णच बंद केल्या. माणूस तो नेमका कुणाला भेटायच्या आधी मारतो, आणि फुंकर मारायला बोलावणं म्हणजेही कुणाला तरी भेटणंच.

माउथवॉशवाल्याला एकट्याला फाशी देऊ नका. आपल्या घरात त्याचे बरेच भाऊबंद आहेत. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, कुमारी आसव: आसव-अरिष्टं आंबवूनच तयार होतात, त्यात अल्कोहोल आपसूक तयार होतं आणि बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. हे थुंकायचं नसतं, प्यायचं असतं, त्यामुळे इथे पंधरा मिनिटांचा हिशोब सांगून मोकळं होता येत नाही. बाळंतपणानंतर मी दशमूलारिष्ट घेत होते तेव्हा रजेवर होते म्हणून बरं. होमिओपॅथीचे थेंब, विशेषतः मदर टिंक्चर, अल्कोहोलमध्येच बनवलेले असतात. साबुदाण्यासारख्या गोळ्यांवरही तेच शिंपडतात. खोकल्याच्या काही सिरपमध्येही असतं. स्टेशनवर नीरेचा स्टॉल दिसला की दीर सकाळी सकाळीच पितात, दुपारी नाही, कारण ऊन चढेल तशी नीरा आंबत जाते आणि ताडी व्हायला लागते. सुट्टीच्या दिवशीच, हे वेगळं सांगायला नको.

आणि आता कोकणातल्या मंडळींनी खुर्ची धरून बसा. २०२५ च्या जुलैमध्ये केरळातल्या पंदळम डेपोत एसटीचे, म्हणजे तिकडच्या केएसआरटीसीचे, ड्रायव्हर ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये पॉझिटिव्ह आले, तेही फणस खाऊन! कुणीतरी घरचा पिकलेला रसाळ फणस आणला होता. शंका आली म्हणून आधी निगेटिव्ह आलेल्या माणसाला गरे खायला घालून परत फुंकर घेतली, तोही पॉझिटिव्ह. अतिपिकलेल्या गोड फळात आंबायची क्रिया सुरू झालेली असते, त्याचा हा प्रताप. त्याच वर्षी फेब्रुवारीत रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागाने लोको पायलटसाठी एक फर्मान काढलं होतं. होमिओपॅथीची औषधं, खोकल्याचं औषध, माउथवॉश यांच्याबरोबर शहाळं, केळी आणि शीतपेयंसुद्धा ड्युटीआधी घ्यायची नाहीत. बराच गदारोळ झाला आणि ते मागे घ्यावं लागलं. माझ्या मते माउथवॉशबद्दल त्यांचं बरोबर होतं आणि शहाळ्याबद्दल अतिच होतं. शहाळं पिऊन माणूस पॉझिटिव्ह यायला लागला तर अर्धं दादर आत जाईल. तरी ज्येष्ठात गावाहून फणस येतो तेव्हा बरक्याचे गरे मी शिफ्ट संपल्यावरच खाते. काप्यावर माझा अजून विश्वास आहे.

चाचणीच्या खोलीतल्या सॅनिटायझरबद्दलही एक सांगते, कारण याकडे कुणी बघत नाही. दाराशी पंप असतो, आपण शहाण्यासारखे दोन दाब हातावर घेतो आणि ओल्या हातांनीच नळी तोंडाशी धरतो. सत्तर टक्क्यांची वाफ थेट मशीनच्या नाकासमोर. हात पूर्ण सुकू द्या, नाहीतर साबणाने धुऊन जा. आमच्या एका सीनियर मॅडम प्रत्येकीला हे बजावतात आणि प्रत्येकीला वाटतं त्या उगाच घोळ घालतात.

समजा एवढं करूनही तुम्ही अल्कोहोलवाली चूळ भरलीत आणि दोन मिनिटांत नाव निघालं. माझा सल्ला: फुंकर मारायच्या आधी सांगा, नंतर नाही. ‘मी आत्ता माउथवॉश वापरलाय, पंधरा मिनिटं थांबू का?’ हे आधी सांगितलं तर माहिती असते, आकडा आल्यावर सांगितलं तर बहाणा. कुठला ब्रँड ते सांगा, वेळ लिहून घ्यायला लावा. साध्या पाण्याने चुळा भरा, काही खाऊ-चघळू नका, च्युइंगम तर नकोच. आणि नाही म्हणून निघून जाणं हा सगळ्यात वाईट मार्ग. चाचणी टाळणाऱ्याकडे पॉझिटिव्ह आल्यासारखंच बघतात. दुसरी फुंकर स्वच्छ आली की नोंदीत दोन्ही आकडे आणि दोन्ही वेळा चढल्यात का तेवढं बघून सही करा.

खरं सांगायचं तर वासासाठी सगळ्यात जास्त फरक मला कुठल्याच बाटलीने पडला नाही. तांब्याची जीभखरवणी, दातांच्या फटीत फिरवायचा दोरा आणि निघायच्या आधी भाकरीचा एक तुकडा. जिभेच्या मागच्या भागावर जो थर बसतो, वासाचं मूळ बहुतेक तिथे असतं. तो खरवडला की माउथवॉशला करायला फारसं उरत नाही. लवंग दाढेखाली धरा, बडीशेप चघळा, ओवा चालत असेल तर तोही. थायमॉल तोच आणि मशीन गप्प. भाजकी बडीशेप माझ्या गणवेशाच्या खिशात कायम असते, क्रूच्या मुलीही मागून घेतात.

लिस्टरिन मी रात्री वापरते, जेवणानंतर, दुसऱ्या दिवशी कामावर जायला कितीतरी तास असताना. फक्त घरात लहान मूल असेल तर बाटली वरच्या फळीवर ठेवा. रंग सरबताचा, वास गोळीचा आणि आत वीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल. बारा वर्षांखालच्या मुलांच्या हातात ती बाटली जाता कामा नये. माझ्या धाकट्याला प्लॅक्ससुद्धा मी अजून देत नाही, त्याला मीठ-पाणी पुरतं. बाटलीवर जाड काळ्या मार्करने ‘रात्र’ लिहून ठेवलंय. महिन्यापूर्वी नवरा सकाळी त्यातून चूळ भरत होता, मी ओरडले, तर म्हणे मी बँकेत आहे, मला कोण फुंकर मारायला लावणार. ते बरोबर आहे. त्याच्यासाठी ही बाटली सकाळीही दहापैकी नऊच.